जूनमध्ये करू, म्हणाला होतास

रोहिदास,

तुला शेवटचं उचललं तेव्हा मी सगळ्या चांदे गावासमोर तुला 'तू' म्हणाले. लग्न झाल्यापासून एकदाही चुकले नव्हते. चांद्याच्या घरात 'अहो', आणि सूसला आपल्या फ्लॅटचं दार आतून लावलं की 'तू', 'अरे', वेळ पडली तर 'गाढवा'. गाव जवळ आलं की तूच गाडी हळू करून मला चिडवायचास, "चला बाईसाहेब, जीभ बदला." त्या दिवशी जीभ बदलायचं भान राहिलं नाही. "तू मला फसवलंस" असं मी ओरडले, पुन्हा पुन्हा ओरडले म्हणे. तुझ्या चुलत्यांनी माना खाली घातल्या. बायकांना वाटलं, अर्ध्या वाटेत सोडून गेलास म्हणून मी तसं म्हणतेय. तेही खरंच आहे. पण मी ते म्हणत नव्हते.

मी जूनबद्दल म्हणत होते.

"जूनमध्ये करू," म्हणाला होतास. आपली सई शाळेत रुळली की माझी एक किडनी काढून तुला बसवायची, असं आपलं ठरलं होतं. निदान ठरलंय असं मी समजत होते. तू मे महिन्यातच गेलास, आणि तेव्हापासून एकच प्रश्न माझं डोकं खातोय. तू खरंच हो म्हणाला होतास, की नेहमीसारखं मला गप्प करायला म्हणाला होतास? तुझा 'हो' कसा असतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? म्हणून आज लिहायला बसलेय. सई आजीबरोबर खाली खेळायला गेलीय. रडायला पुढे आयुष्य पडलंय, आज मला तुझ्याशी भांडायचंय.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. पुण्याबाहेर, सूसच्या पुढे डोंगरावरचं ते कॉलेज, रंगाचा वास न गेलेले वर्ग आणि खिडकीतून दिसणारी भातखाचरं. आपल्या बॅचची हुशार पोरं मार्केटिंग आणि फायनान्सकडे धावली होती. ऑपरेशन्स आणि माहिती व्यवस्थापन घेणारे आपण मूठभर. कारखाना, गोदाम, रांगा, वेळापत्रकं, डेटाबेस. ज्याच्यात काही झगमगाट नाही ते सगळं आपल्या वाट्याला. मी परभणीहून आलेली. दादा हिंजवडीत नोकरीला होता, त्याच्या जवळच्या जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत राहायचे आणि वडिलांना फोनवर सांगायचे की अभ्यास छान चाललाय. तू मागच्या बाकावर. शर्टाला कडक इस्त्री, आणि चपलेला खाचरातला चिखल.

त्या दिवशी सर साठ्यावर शिकवत होते. पिंपरीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेला माणूस, खडूसुद्धा हातोडी धरल्यासारखा धरायचे. त्यांनी फळ्यावर नदी काढली. पाणी म्हणजे गोदामातला साठा, तळातले खडक म्हणजे कारखान्यातल्या चुका. पाणी भरपूर असलं की खडक झाकले जातात आणि मालक झोपा काढतो. पाणी उतरवा, खडक दिसतील, मग फोडा. मला ते इतकं पटलं की मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. आणि मागून तुझा आवाज आला.

"सर, पाणी उतरलं की खडक दिसतात हे खरंय. पण आमच्याकडं पाणी उतरलं की आधी मासे मरतात."

वर्ग हसला. मी नाही हसले. मला राग आला. मी उठून म्हणाले की सर, यांना कारखान्याचं काही कळत नसावं, यांच्या घरी वर्षाचा तांदूळ भरलेला असणार. तू लगेच मान डोलावलीस. "असतो की. आंबेमोहोर. न सांगता पाहुणे येतात आमच्याकडं. तुमच्याकडं काय, पत्र पाठवून येतात?" सरांनी खडू ठेवला आणि हात बांधून उभे राहिले. आपल्याला भांडू दिलं त्यांनी, तास संपेपर्यंत. राखीव साठा म्हणजे नासाडी, हे माझं. राखीव साठा म्हणजे घर, हे तुझं. बाहेर पडताना तू मला विचारलंस, "परभणीला सगळीच माणसं एवढी तापट असतात का?" मी म्हणाले, "तुला काहून पाहिजे?" त्या 'काहून'वर तू पुढे महिनाभर जगलास.

मग सरांनी मुद्दाम आपल्यालाच एका प्रकल्पावर जुंपलं. रांगांचा अभ्यास करायचा होता. बाकीच्यांनी बँका आणि पेट्रोल पंप घेतले. मी म्हटलं, आमच्या जांब्याच्या खोल्यांपुढे सार्वजनिक नळ आहे, सकाळी तिथे ही मोठी रांग लागते, ती घेऊ. तू म्हणालास, आधी बायकांशी बोलू. मी म्हटलं, अजिबात नाही. माणसाला विचारलं की माणूस वाढवून सांगतं, घड्याळ सांगत नाही. आपण नुसतं मोजायचं. कोण केव्हा आलं, पाणी केव्हा मिळालं, मधला वेळ किती.

"बरं, तुझं खरं," तू म्हणालास.

तेव्हा मला त्या शब्दांचा अर्थ कळत नव्हता. मला वाटलं, पटलं याला. आपण सकाळी सकाळी नळाजवळच्या ओट्यावर कागद घेऊन बसायचो. तू चांद्याहून मोटारसायकलवर यायचास, गारठून, आणि आमच्या घरमालकिणीकडून चहा उकळायचास. मी प्रत्येक हंड्याला क्रमांक दिला होता, निळा कडीचा, पोचा पडलेला, लाल झाकणाचा. हंडा रांगेत लागला की वेळ टिपायची, हंडा भरला की वेळ टिपायची. सरासरी काढली तर वाट पाहण्याचा वेळ इतका प्रचंड आला की मला भरून आलं. मी निबंधच लिहिला त्यावर. बायकांच्या आयुष्यातला किती काळ या नळापुढे उभं राहण्यात वाया जातो, वगैरे. फार छान लिहिलं होतं.

वर्गात मी ते वाचून दाखवलं. सर म्हणाले, "एवढा वेळ उभ्या राहून बायका करतात काय?" मी कागद उलटसुलट करायला लागले. तेव्हा तू उठलास.

"सर, बायका उभ्या नसतात. हंडे उभे असतात."

आणि खिशातून तू तुझे कागद काढलेस. हंडा रांगेत ठेवून बायका घरी जातात, भाकऱ्या टाकतात, पोरांना आंघोळी घालतात, नंबर आला की शेजारीण हाक मारते. तुला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नळावरच्या सखूबाईंनी तुला विचारलं होतं म्हणे, "अरं, ती पोरगी हंड्याचं काय टिपतीया? हंड्याला काय सैपाक हाय का घरी?" मग तू गुपचूप बायका प्रत्यक्ष किती उभ्या राहतात ते वेगळं टिपलंस. सरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले आणि आपल्याला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. "मला सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "तू ऐकलं असतंस? भांडत बसलो असतो, नळ बंद झाला असता."

तेव्हा पहिल्यांदा कळलं. 'बरं, तुझं खरं' म्हणजे वाद संपला, एवढंच. तुला पटलंय असं नाही. तू तुझं तेच करणार, फक्त आवाज न करता.

नंतर ते किती वेळा ऐकलं मी. डेटाबेसच्या प्रकल्पात मी म्हणाले होते, एकच माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही, पुस्तकातच लिहिलंय. "बरं, तुझं खरं." सादरीकरणाच्या दिवशी माझी फ्लॉपी उघडेना. संगणक कक्षात मी घामाघूम, आणि तू शेजारी शेंगदाणे खात बसलेला. मला पुरतं रडवल्यावर सॅकमधून दुसरी फ्लॉपी काढलीस. शर्टाच्या खिशातून तिसरी. "ही घरी ठेवायला विसरलो," म्हणालास. मी तुला त्या कक्षातच मारलं होतं, वहीने. आणि बहुतेक त्याच दिवशी ठरवलं होतं की याच्याशीच जन्मभर भांडायचं.

तू लग्नाचं विचारलंस तेव्हाही भांडणच झालं. तुला पिरंगुटच्या कारखान्यात साठ्याच्या नियोजनाची नोकरी लागली होती, मला हिंजवडीत. मी म्हटलं, चांद्याला राहणार नाही, मला वेगळं घर हवं. "बरं, तुझं खरं," म्हणालास, आणि सूसला फ्लॅट घेतलास. तो असा की गॅलरीतून उभं राहिलं तर चांद्याच्या बाजूचा डोंगर दिसावा. दर शनिवारी मला त्या गॅलरीत चहा प्यायला बसवायचास आणि म्हणायचास, "आईला आज कणीक मळायला त्रास होत असंल नाही?" मी आपणहून म्हणायचे, चल, जाऊन येऊ. जिंकायचे मी, आणि जायचो चांद्याला.

तुझ्या आईच्या, आत्याबाईंच्या स्वयंपाकघरात मी पहिल्या दिवशी पिठाचा डबा धुवायला घेतला होता, आठवतं? तळाला थोडं पीठ होतं, ते मी परातीत झटकणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "पार मोकळा करू न्हाई गं डबा. मूठभर ऱ्हाऊ दे. त्याच्यावर नवं वतायचं." मी शिकलेली सून. म्हणाले, आत्याबाई, जुन्या पिठाने नवं खराब होतं, किडे होतात. त्या म्हणाल्या, "व्हऊ दे की. डबा मोकळा न्हाई राहिला पायजे." तू दारात उभा राहून इतका हसलास की चहा सांडला. मला खुणेने सांगत होतास, साठा, साठा. परत येताना गाडीवर म्हणालास, "आमच्या घरात हे फळ्यावर लिहायची वेळ कधी आलीच नाही."

मग तुझे पाय सुजायला लागले. हे मला लिहायचं नव्हतं, पण ते टाळलं तर जूनपर्यंत कसं पोचणार? रक्तदाब, औषधं, आणि मग एक दिवस डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. तेव्हा सई नुकती चालायला लागली होती. तू डायलिसिसच्या खुर्चीत बसून कारखान्याचे फोन घ्यायचास. नर्सला सांगायचास, "हे मशीन दोन पाळ्यांत चालवा, मधे बंद ठेवलं की परवडत नाही." ती बिचारी नवीन होती, खरंच वरिष्ठांना विचारून आली. मी बाहेर बाकावर बसून हसायचे, आणि हसता हसता माझं काय व्हायचं ते तुला मी दिसू दिलं नाही.

पहिल्यांदा आत्याबाई पुढे झाल्या. त्यांची साखर वाढलेली निघाली, डॉक्टर नाही म्हणाले. "म्हातारीचं कायबी कुनाला नकु," म्हणून त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मग माझा रक्तगट जुळला. मी नाचतच घरी आले रे. पेढे आणले होते! आणि तू पेढा हातात धरून म्हणालास, "नाही."

"का नाही?"

"सईला एक माणूस अख्खं पाहिजे."

"मी काय अर्धी होणार आहे का? एका किडनीवर माणसं म्हातारी होतात. डॉक्टरांनी सांगितलंय."

"दोन मशिनं एकाच दिवशी दुरुस्तीला काढत नाहीत, अर्चना. सरांनीच शिकवलंय."

"मी मशीन नाही!"

"न्हाईस. म्हनून तर." तुला राग आला की तुझी भाषा चांद्याला जायची. "तू तिचा राखीव साठा हायेस. त्याला मी हात लावनार न्हाई."

तेव्हा मी जे बोलले ते आजही बोलेन. राखीव साठा वापरण्यासाठी असतो. जो कधीच वापरायचा नाही तो ठेवायचा तरी कशाला? तू म्हणालास, कधी लागेल ते कळत नाही म्हणूनच ठेवायचा. मी म्हणाले, कळतंय की, आत्ता लागलाय, तुझ्या पायांकडे बघ. कॉलेजात आपण या वादावर गुण मिळवले होते. घरात त्यावर जेवणं थंड झाली. किती दिवस आपण फक्त सईच्या मार्फत बोलत होतो. "बाबांना सांग औषध घ्या." "आईला सांग घेतलं." ती मधल्या मधे टाळ्या वाजवायची, तिला तो खेळ वाटायचा.

आत्याबाईंना मी विचारलं होतं, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. त्या तांदूळ निवडत होत्या. खडे बाजूला सारत म्हणाल्या, "मी तुला दे म्हननार न्हाई. तूबी कुनाची तरी लेक हायेस. आन नकु म्हनायची माज्यात ताकद न्हाई." याहून खरं मला कुणी काही बोललेलं नाही.

मी तुला न सांगता सगळ्या तपासण्या करून घेतल्या. ऑफिसमधून मधल्या वेळेत जायचे. हृदय, रक्त, फोटो, सगळं. डॉक्टर म्हणाले, डावी घेऊ, ती सोयीची आहे, आणि दोन्ही उत्तम आहेत. ते कागद मी तुझ्या पुढ्यात टाकले. गॅलरीत बसला होतास, दुपारची वेळ, सई आत झोपलेली. तू कागद वाचलेस. तुला वाचायला वेळ लागला, डोळे अधू झाले होते तुझे. मग समोर डोंगराकडे बघत म्हणालास, "बरं. तुझं खरं."

मी काय केलं सांगू? मी जिंकले, जिंकले म्हणून टाळ्या वाजवल्या, सईसारख्या. तू हसलास. "जूनमध्ये करू. ही शाळेत रुळू दे." मी लगेच दिनदर्शिका काढली. तू पेन घेऊन मला कामांचा क्रम लावून दिलास, कशाच्या आधी काय, कशाच्या नंतर काय, परीक्षेत काढायचो तसा. सुट्ट्या, सईची शाळा, दवाखान्याच्या समितीची परवानगी, माझी भरती, तुझी भरती. बाण काढलेस. एक बाण चुकला तर खोडून पुन्हा काढलास. मला इतकं हलकं वाटलं होतं त्या दुपारी.

आणि मेमध्ये ताप आला. तसा तो अधूनमधून यायचाच. या वेळी उतरला नाही. संसर्ग रक्तात गेला, म्हणाले. अतिदक्षता विभागात मला आत सोडलं तेव्हा तू विचारलंस, "सईला आंबा कापून दिलास का? साल काढून दे, तिला खाजतं." मी हो म्हणाले. दिला नव्हता. घरी आंबेच नव्हते. हे तुझं माझं शेवटचं बोलणं, आणि माझ्या बाजूने ते खोटं आहे.

तुला न्यायला माणसं जमली, आणि तिथे उभी असताना मला तो नळ आठवला. तुझ्या खिशातले ते वेगळे कागद आठवले. तू 'तुझं खरं' म्हणालास म्हणजे तुला पटलंच नव्हतं, हे लख्ख कळलं. जून म्हणजे न येणारा महिना. मला टाळ्या वाजवू दिल्यास, बाण काढून दिलेस, आणि मनातून ठरवलं होतंस की हिच्या साठ्याला हात लावायचा नाही. ढकलत राहायचं. जूनमध्ये म्हणाला असतास दिवाळीनंतर, दिवाळीत म्हणाला असतास उन्हाळ्यात. म्हणून ओरडले मी. फसवलंस म्हणाले. सर आले होते रे चांद्याला, काठी टेकत, उन्हातून. माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "तुमचा तो वाद, मिटला होता का?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, त्यांना कळलं नसणार. मलाही कळलं नाही.

या रागाने मला उभं ठेवलंय, खरं सांगते. रोज उठते, सईची वेणी घालते, तुला शिव्या देते, कामाला लागते. ज्याच्यावर राग आहे तो माणूस पुरता गेलेला नसतो. शेजारच्या खोलीत रुसून बसलाय असं वाटतं.

इथवर लिहिलं होतं आणि आत्याबाई वर आल्या. हे पुढचं संध्याकाळी लिहितेय.

सई त्यांच्या कडेवर झोपली होती. तिला आत ठेवलं, आणि त्या माझ्या कपाटाशी जाऊन खालच्या कप्प्याच्या पार मागून एक पिशवी ओढायला लागल्या. मी विचारलं, आत्याबाई, ही कुणाची? म्हणाल्या, माझी. त्यांच्या साड्या होत्या त्यात, दोन जुन्या, मऊ झालेल्या, आणि औषधांची डबी. मला कळेना. चांद्याहून तर त्या परवा आल्या, रिकाम्या हाताने. ही पिशवी केव्हा आली?

"लई दिस झालं. तुजा नवराच घिऊन आलता गाडीवर. आता जून कसला, म्हनलं न्यावी परत."

"जून?"

त्या खाली बसल्या. पदराने साड्यांवरची धूळ झटकत राहिल्या, धूळ नव्हती तरी. मग सांगायला लागल्या. तू एकटाच गेला होतास चांद्याला, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, अंगात त्राण नसताना. ओट्यावर बसलास. पाणीसुद्धा मागितलं नाहीस, ते तुला मोजूनच होतं.

"मला म्हनला, आई, जूनमदी तू सूसला येऊन ऱ्हा. आमी दोगंबी खाटंवर असू, पोरीकडं कुनीतरी पायजे. म्या म्हनलं, ठरलं का तुमचं? तर म्हनला, व्हय, तिचं एक घ्येतोय मी." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "म्या म्हनलं, बाबा, तू तर नकु म्हनत व्हतास. तवा रडला. ल्हानपनानंतर म्या त्याला रडताना बगितलाच नव्हता. म्हनला, आई, मला जगायचंय. मागायची लाज वाटतीया तिच्याकडं, पर मला जगायचंय."

मी म्हणाले, मला का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं हे?

"त्यानंच सांगू नकु म्हनलं. म्हनला, कळलं तर लई मिरवंल. वाद जिंकले म्हनून समद्या सूसला सांगत फिरंल. बरी झाली का मग मीच सांगन म्हनला."

मिरवलं असतं रे. सगळ्या सूसला, चांद्याला, परभणीला सांगत फिरले असते. सरांच्या घरी पेढे घेऊन गेले असते. तुला डिवचून डिवचून म्हातारं केलं असतं.

म्हणजे तू हो म्हणाला होतास. पटलं होतं तुला. जन्मात एकदाच पटलं. कधी कुणाकडे काही न मागणारा तू, माझं एक घ्यायला तयार झाला होतास, त्यासाठी रडला होतास, आईची पिशवी गाडीवर घालून घरी आणून माझ्याच कपाटात ठेवली होतीस. आणि मी एवढे दिवस तुला लबाड म्हणतेय. आता तुझ्यावर रागवायलाही काही उरलं नाही, रोहिदास. शेजारची खोली रिकामी आहे, मी जाऊन बघून आले.

जून लागलाय. सईची शाळा सुरू झाली, पहिल्या दिवशी रडली, आता रडत नाही. रुळली. तू म्हणाला होतास तशीच रुळली. आज दवाखान्यातून भरतीआधीच्या चौकशीचा फोन आला होता, त्यांच्याकडे अजून नोंद बदललेली नसावी. गोड आवाजाची मुलगी होती. विचारत होती, तुमची तब्येत कशी आहे, मॅडम, ताप, खोकला, काही त्रास? तिला काय बोलणार. मी खरं तेच सांगितलं.

मी ठणठणीत आहे म्हणाले. दोन्ही बाजूंनी ठणठणीत आहे.